नाव घेणे आणि नाव वाहणे

दहा आज्ञा ज्याला पाठ म्हणता येत नाहीत असा मुलगा आमच्या शब्बाथशाळांत क्वचितच आढळेल. खून करू नये, चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, ह्यांचा अर्थ त्याला विचारावा तर तो आपल्या समजुतीप्रमाणे काहीतरी नीट सांगतो. परंतु तिसऱ्या आज्ञेपाशी आला की तो थोडा अडखळतो. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये म्हणजे नेमके काय करू नये, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर येते, 'देवाची खोटी शपथ घेऊ नये.' शिक्षक मान डोलावतात आणि धडा पुढे चालतो. हे उत्तर चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तेवढ्यावर आमचे समाधान होत असेल, तर ह्या आज्ञेचे दार आम्ही नुसते किलकिले करून पाहिले आणि आत पाऊल टाकलेच नाही, असे म्हणावे लागेल.

नगरकडील एका मंडळीच्या उपदेशकाने आम्हांस सांगितलेली एक हकीकत येथे देतो. गावाचे व माणसांचे नाव देण्याचे कारण नाही. त्या मंडळीतील एका गृहस्थाने मुलीचे लग्न ठरल्यामुळे आपला एक बैल बाजारात नेला. शेजारच्या गावचा एक शेतकरी गिऱ्हाईक म्हणून आला. दलालाने उपरण्याखाली बोटे धरून किंमत ठरविली. परंतु शेतकऱ्याचे मन घेईना. 'बैलात काही खोड नाही ना?' असे त्याने पुन्हा विचारले. तेव्हा विकणारा म्हणाला, 'येशूची शपथ! मी ख्रिस्ती माणूस आहे, खोटं बोलायचा नाही.' सौदा झाला, पैसे मोजले गेले. तिसऱ्या दिवशी बैल नांगराला जुंपला, तो दुसऱ्याच तासात खाली बसला आणि काही केल्या उठेना. बैल बसका होता, आणि विकणाऱ्याला ते पूर्ण ठाऊक होते.

तो शेतकरी भांडण करण्यासाठी विकणाऱ्याच्या घरी गेला नाही. तो उपदेशकाच्या दारी आला आणि म्हणाला, 'मास्तर, बैल बसका निघाला, त्याचं एवढं नाही. बाजार म्हटला की असं चालायचंच. मी बैल चालवून बघायला पाहिजे होता. पण तुमच्या देवाचं नाव मधे आलं म्हणून मी गप बसलो. आता ते नाव मी कुठं ठेवू, तेवढं सांगा.'

उपदेशकाला उत्तर देता आले नाही. आम्हीही ह्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. आपली मराठी भाषा ह्या बाबतीत मोठी बोलकी आहे. मुलाने कुळाचे नाव काढले म्हणजे त्याने कुळाला मान मिळवून दिला. नावाला बट्टा लागला म्हणजे तो मान गेला. आणि नावे ठेवणे म्हणजे तर उघडउघड दोष देणे. त्या शेतकऱ्याने 'नाव कुठे ठेवू' असे विचारले, त्याने नावे ठेवली नाहीत, हा त्याचा मोठेपणा होय. यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात हीच तक्रार परमेश्वर स्वतः करतो: माझे लोक ज्या ज्या राष्ट्रांत गेले तेथे तेथे त्यांच्यामुळे माझ्या पवित्र नावाला कमीपणा आला, असा त्याचा आशय आहे. पौलही रोमकरांस लिहिताना दुसऱ्या अध्यायात नियमशास्त्राचा अभिमान मिरविणाऱ्यांना ह्याच गोष्टीची आठवण देतो. म्हणजे मूर्तिपूजक लोक देवाची निंदा करतात ह्याबद्दल शास्त्रात जितका खेद आहे, त्याहून अधिक खेद देवाच्याच लोकांमुळे ती निंदा होते ह्याचा आहे.

आता आज्ञेच्या शब्दांकडे वळू. आपल्या भाषांतरांत 'घेणे' हा शब्द आहे. परंतु मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे त्याचा पहिला अर्थ 'उचलणे' किंवा 'वाहणे' असा आहे. आमच्या खेड्यांतील वाचकांना हे समजावून सांगण्यास पंडिताची गरज नाही. शपथ 'वाहणे' असेच आपण म्हणतो. आणि खंडोबाच्या मुलखात तंटा तोडताना बेलाचे पान व भंडारा हाती घेऊन साक्ष देण्याची जी जुनी रीत आहे, तिला बेलभंडार 'उचलणे' असेच म्हणतात. ज्याने तो खोटा उचलला त्याचे निसंतान होईल, अशी लोकांची धास्ती असे. आमचे वाडवडीलही हा धाक मनात बाळगूनच वाढले. तो देव आम्ही सोडला, धाकही सोडला. पण धाकाच्या जागी आदर येऊन बसला की ती जागा रिकामीच राहिली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हेच 'वाहणे' पुन्हा येते. अहरोनाच्या एफोदावर दोन्ही खांद्यांशी दोन रत्ने होती, आणि एकेका रत्नावर सहा अशी इस्राएलाच्या पुत्रांची बारा नावे कोरलेली होती. छातीवरील उरपटावर आणखी बारा रत्ने, त्यांवरही तीच नावे. कपाळावर मात्र सोन्याची पट्टी, आणि तिच्यावर परमेश्वराचे नाव. असा तो परमेश्वरासमोर जात असे. लोकांची नावे खांद्यावर व हृदयावर, आणि देवाचे नाव सर्वांच्या वर. हे चित्र आमच्या वाचकांनी नीट मनात ठेवावे, कारण पुढे आम्हांस त्याचा उपयोग होणार आहे.

तर नाव ही जिभेवरून घसरून जाणारी वस्तू नव्हे, ते डोक्यावरचे ओझे आहे. जी बाई डोक्यावर चुंबळ ठेवून तिच्यावर दोन घागरी भरून आणते, ती वाटेत हसते, बोलते, पोराला हाकही मारते. पण तिचे पाऊल तिच्या ध्यानात असते. घागरी डोक्यावर असताना उडी मारावी असे तिच्या मनातही येत नाही. ज्या दिवशी आमचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी हे नाव आमच्या डोक्यावर ठेवले गेले. तेव्हापासून ते आम्ही बाजारात नेतो, बांधावर नेतो, चुलीपाशी नेतो. व्यर्थ वाहणे म्हणजे ते ओझे डोक्यावर असून नसल्यासारखे चालणे.

शपथेविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण उपदेशकांना हा प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. आमच्या प्रभूने डोंगरावरील उपदेशात शपथच वाहू नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे, अशा अर्थाची शिकवण दिली. त्या काळचे लोक देवाचे नाव टाळून आकाशाची, यरुशलेमेची, स्वतःच्या डोक्याची शपथ वाहत आणि आपण सुटलो असे समजत. आपल्याकडेही 'देवाशपथ' म्हणण्यास कचरणारा मनुष्य 'आईशपथ', 'गळ्याशपथ', 'पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो' असे सहज म्हणतो. आई देवाची, गळा देवाचा आणि पोरही देवाचे. मग पळवाट कोठे राहिली? हेरोदाने पाहुण्यांसमोर शपथ वाहिली आणि तिच्यापायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर गेले. पेत्राने अंगणात शपथ वाहून व शाप उच्चारून प्रभूला नाकारले. दोघांच्याही मनात त्या घटकेला देव नव्हता. एकाला पाहुण्यांची लाज होती, दुसऱ्याला जिवाची भीती होती.

न्यायालयात शपथ घ्यावी की नाही ह्याविषयी मंडळ्यांत एकमत नाही. इंग्लंडातील चर्चने 1571 साली मान्य झालेल्या आपल्या एकोणचाळीस कलमांत, अधिकाऱ्याने मागितल्यास शपथ घेण्यास हरकत नाही असे ठरविले. क्वेकर लोकांनी मात्र मुळीच शपथ घेणार नाही म्हणून तुरुंगवास सोसला. शेवटी 1696 साली तेथील कायद्याने त्यांना शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची मोकळीक दिली. आपल्या देशातही 1969 च्या शपथ कायद्यान्वये साक्षीदाराला शपथेच्या जागी प्रतिज्ञेवर सांगता येते. तेव्हा ज्याचे मन कचरत असेल त्याने तसे न्यायाधीशापुढे नम्रपणे सांगावे. कोणी अडविणार नाही. आमच्या मते कचेरीतली एक शपथ हा मोठा प्रश्न नव्हे. बाजारातल्या दहा शपथा हा मोठा प्रश्न आहे. ज्याचा साधा शब्द चालतो त्याला शपथेची गरज पडत नाही, आणि ज्याला दर वाक्याला शपथ लागते त्याचा शब्द लोकांनी केव्हाच टाकून दिलेला असतो.

येथे कोणी म्हणेल की, मग देवाचे नाव तोंडात आणूच नये काय? तसेही नाही. यहूदी लोक देवाचे ते विशेष नाव उच्चारीत नाहीत. शास्त्र वाचताना तेथे 'प्रभू' ह्या अर्थाचा शब्द म्हणतात. आमच्या कोकणपट्टीत, जुन्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचा घाणा चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक होते. त्यांना गावकरी शनवार तेली म्हणत. मराठी बोलणाऱ्या ह्या लोकांनीही पिढ्यान्पिढ्या तो मान पाळला. आमच्या आयाबायांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. नवऱ्याचे नाव ऐऱ्यागैऱ्या वेळी घ्यायचे नाही, आणि घ्यायचे झाले तर सणासमारंभात, चारचौघींत, उखाणा जुळवून घ्यायचे, हे त्या लहानपणापासून शिकल्या. नवऱ्याचे नाव घेतल्याने त्याचे आयुष्य कमी होते ही समजूत वेडगळ होय, आणि ती सोडली पाहिजे. परंतु नाव घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे, पदर सावरावा, शब्द जुळवावेत, ह्यात जो आदर आहे तो सोडण्यासारखा नाही. पण आम्हांला नाव टाळण्याची आज्ञा नसून नाव पवित्र मानण्याची प्रार्थना शिकविलेली आहे. जी सून उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव घेत नाही, तीच 'देवा' हा शब्द दिवसातून शंभरदा कसाही फेकते, एवढेच आम्ही दाखवितो.

तरी ह्यातही तारतम्य पाहिजे. लाकडाची मोळी उतरवून खाली बसताना एखादी म्हातारी 'अगे देवा!' म्हणते. तिला कोणा उत्साही उपदेशकाने तिसरी आज्ञा ऐकवावी, हे आम्हांस पसंत नाही. ती अर्धी प्रार्थनाच आहे, आणि आमच्या पुष्कळ लांब प्रार्थनांपेक्षा खरी आहे. लांब प्रार्थनांचा विषय निघालाच आहे तर सांगतो: दर तीन शब्दांमागे 'हे प्रभू, हे प्रभू' असे पालुपद लावून जे आमचे बंधू प्रार्थना करतात, त्यांनी ते नाव किती वेळा मनाने घेतले आणि किती वेळा पुढचे वाक्य आठवेपर्यंत जागा भरण्यासाठी घेतले, हे स्वतःशी तपासावे. पंडिता रमाबाईंनी अल्पशिक्षित बायकांनाही समजावे म्हणून पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून मराठीत भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या आणि 1924 साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी व बायकांनी त्याचे खिळे जुळविले. देवाच्या नावातील एकेक अक्षर ज्या हातांनी वेचून बसविले, त्या हातांची आठवण झाली म्हणजे आम्हां लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना आपल्या सैलपणाची लाज वाटते.

दुसरी एक बोलण्याची रीत आहे, तिला मात्र आम्ही इतके सोपे सोडणार नाही. बांधावरून तंटा होतो. एक जण वीतभर सरकला म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. शब्दाने शब्द वाढतो, आणि शेवटी एकाच्या तोंडून निघते, 'देव तुला बघून घेईल!' आया पोरांना म्हणतात, 'देव तुझं वाटोळं करील!' जणू देव म्हणजे आमचा सांगकाम्या. आम्ही दाखवू त्याच्या पाठीत त्याने काठी घालावी. हे नाव व्यर्थ घेणे नव्हे तर काय? परंतु येथेही एक अवघड जागा आहे. जिची जमीन दिराने लुबाडली अशी विधवा रात्री एकटी बसून देवाकडे न्याय मागते; तिनेही गप्प बसावे काय? स्तोत्रसंहितेत असे आक्रोश पुष्कळ आहेत, आणि ते देवाने ऐकले. आम्हांस असे वाटते की, जो आक्रोश देवाकडे तोंड करून होतो ती प्रार्थना. आणि तोच आक्रोश शेजाऱ्याकडे तोंड करून फेकला म्हणजे तो दगड होतो. शब्द तेच असतील, तोंड कोणीकडे आहे ते पाहावे.

आता जी गोष्ट लिहिण्यासाठी आम्ही मुख्यतः लेखणी हाती घेतली तिच्याकडे येतो. देवाचे नाव देवाविषयीच्या बोलण्यातच मानले किंवा मोडले जाते असे नाही. याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो की, ज्या जिभेने आपण देवाचा धन्यवाद करतो, तिनेच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे केलेल्या माणसांना शाप देतो. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे निघेल, असा त्याचा प्रश्न आहे.

आमच्या कित्येक मंडळ्यांचे मूळ महारवाड्यात व मांगवाड्यात आहे. ही गोष्ट लपविण्यासारखी नाही आणि तिची लाजही नाही. आमच्या आजोबांना गावात कोणत्या शब्दांनी हाक मारीत, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. मिसरूड न फुटलेल्या पोराने सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला 'अरे' म्हणावे, आणि म्हाताऱ्याने वाकून 'जोहार' घालावा. धोंडिबा हे नाव असले तरी उभ्या जन्मात 'धोंड्या' ह्यापलीकडे ते गेले नाही. मग सुवार्ता आली. बाप्तिस्म्याच्या वेळी धोंडिबाचा दानिएल झाला. पाळकाने सर्वांसमोर ते नाव पूर्ण उच्चारले. धोंडिबाच्या डोळ्यांना पाणी आले ते पाण्याच्या शिंपडण्याने नव्हे. आणि आज त्याच दानिएलाच्या नातवाला आमच्याच मंडळीत काय म्हणतात? 'दान्या!' म्हणणारा कोण, तर ज्याला सारा गाव 'मास्तर' म्हणून मान देतो तो. जुने ख्रिस्ती नव्यांना 'अरे' म्हणतात. एका वाड्यातून आलेले दुसऱ्या वाड्यातून आलेल्यांशी अजूनही तोंड वाकडे करून बोलतात. गावाने आमच्या पाठीवर जे शब्द मारले तेच आम्ही उचलून घरात आणून ठेवले आहेत.

ह्यावर कोणी म्हणेल की, 'तू' म्हटल्याने काय बिघडते, आपण देवालाही 'तू'च म्हणतो. हे खरे आहे, आणि गोड आहे. मराठीत बापाला 'तुम्ही' आणि आईला 'तू'. आणि देवाशी बोलताना आम्ही आईच्या भाषेत बोलतो. म्हणून 'तू' काढा आणि 'आपण' घाला असा नियम करण्यात अर्थ नाही. 'अहो महाशय' म्हणूनही माणसाला चिखलात लोळविता येते, हे पंचायतीत बसलेल्यांना ठाऊक आहे. जवळिकीचा 'तू' आणि तुच्छतेचा 'तू' ह्यांतील भेद व्याकरणात नाही; पण ज्याला हाक मारली त्याच्या कानाला तो पुरा कळतो.

एका मंडळीत आम्ही काही दिवस होतो. तेथे एक वृद्ध विधवा पुष्कळ वर्षे मंदिर झाडून काढीत असे. तिला लहानथोर सर्व 'ए म्हातारे' म्हणत. त्यात दुष्टपणा नव्हता, सवय होती. एका संध्याकाळी पायरीवर बसून ती आम्हांस म्हणाली, 'बाबा, पाण्यात उभी केली तवा पाळकसाहेबांनी माझं समदं नाव घेतलं हुतं. आन् त्याच्या मागोमाग बापाचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं. माझं नाव देवाच्या नावाला लागून आलं. त्याच्यानंतर कुणी ते पुरं घेतलं न्हाई.'

अहरोनाच्या खांद्यावरची रत्ने आम्हांस तेव्हा आठवली. माणसांची नावे खाली टाकून देऊन नुसती कपाळावरची सोन्याची पट्टी मिरवीत पवित्रस्थानात जाण्याची परवानगी त्याला नव्हती. त्या बाईचे नाव आणि देवाचे नाव एका दमात उच्चारले गेले होते. ते जोडलेले कोणी तोडावे? तिला 'ए म्हातारे' म्हणणारे आम्ही सर्व तिसरी आज्ञा तोंडपाठ म्हणणारे होतो. त्या रविवारी आम्ही पाळकांना सांगून तिचे पूर्ण नाव विचारून घेतले. लाजिरवाणी गोष्ट ही की मंडळीच्या वहीत पाहावे लागले. वडीलमंडळींपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते. उपदेशकांना आमची विनंती आहे की, आपल्या मंडळीच्या वहीतील नावे एकदा मोठ्याने वाचून पाहावीत, आणि त्यांपैकी किती नावे आपण पूर्ण घेतो हे मोजावे. घरच्या मालकांनी बायकोचे व सुनेचे नाव कसे घेतो तेही पाहावे. ज्या घरी प्रार्थनासभेत 'हे परमपवित्र पित्या' म्हणून आरंभ होतो, आणि चहाला उशीर झाला म्हणून त्याच तोंडाने आतल्या बाईचा उद्धार होतो, तेथे ओट्यावर उभा राहून ऐकणारा शेजारी कोणते वाक्य घरी घेऊन जातो?

बैलाच्या हकीकतीचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. उपदेशक त्या गृहस्थाकडे गेला तेव्हा तो प्रथम म्हणाला, 'बाजारात कोण खरं बोलतं?' बैल परत घेण्यास त्याच्याजवळ पैसे उरले नव्हते. लग्नात खर्च झाले होते. उपदेशकाने त्याला रागे भरले नाही. त्या शेतकऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले आणि तो उठून आला. आठ दिवसांनी नवराबायको दोघे त्याच्या घरी आली. दोन शेळ्या विकून आलेली रक्कम त्यांनी पुढे ठेवली. पंचांच्या विचाराने असे ठरले की, बैल शेतकऱ्याने गाडीला ठेवावा, आणि किमतीचा चौथा हिस्सा पाच बाजारांत परत करावा. शेतकऱ्याने कागद करून मागितला नाही, शपथही घालू दिली नाही. तीन बाजार झाले. तिन्ही वेळा पैसे पोचले. दोन बाजार अजून राहिले आहेत.